मी सांगितलेला कुत्रा

कोल्हापुरात जनावर पाळायचं तर लोकांनी ते वळून बघितलं पाहिजे, मग ती म्हैस असो की कुत्रं. मी तरी वेगळा कशाला असेन? पिल्लू आणलं ते रॉटवायलरचं. वर्षभरात तो वासराएवढा झाला आणि माझी छाती त्याच्याहून जास्त फुगली.

संध्याकाळी त्याला घेऊन मी ताजं दूध प्यायला दूधकट्ट्यावर जायचो. लोक लांबूनच विचारायचे, चावतो का? मी म्हणायचो, चावत नाही, थेट फाडतो. एकदा रंगात येऊन सांगितलं, की त्यानं चोराची मांडी सोलून काढली. कुठला चोर नि कुठली मांडी! घरात कुकरची शिट्टी झाली की हा पलंगाखाली शिरायचा, मागचा निम्मा भाग बाहेरच राहायचा. बायको म्हणायची, अहो, असलं काही सांगत जाऊ नका. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड.

मग धोकादायक कुत्र्यांची यादी मोबाईलवर फिरू लागली. रॉटवायलरचं नाव त्यात होतंच. त्याच आठवड्यात आमचा कुत्रा जिन्यात शेजारच्या मावशींकडे लाडानं धावला. त्या दचकून पायरीवर पडल्या आणि मनगट मोडलं. दात लागला नव्हता, हे मावशी स्वतःच सांगत होत्या. तरी अपार्टमेंटची मीटिंग बसली. मी म्हटलं, गरीब आहे हो, लेकरासारखा आहे. सेक्रेटरी आवाज न चढवता म्हणाले, "चोराची मांडी सोलली म्हणून तुम्हीच सांगत हुतासा न्हवं? तवा खोटं बोलत हुतासा, का आता बोलायलायसा?"

पंधरा दिवसांत कुत्रा हलवायचा, असं ठरलं.

पंधरा दिवस मी दारोदार फिरलो. स्वभावानं गरीब आहे म्हटलं, की लोक म्हणायचे, मग एवढं खाणारं कशाला पोसायचं? तापट आहे म्हटलं, की विषय बदलायचे. पन्हाळ्याच्या वाटेवर शेत असलेल्या मित्रानं तर फोन उचलणंच बंद केलं. शेवटी हुपरीचा एक चांदी कारागीर आला. त्याचा घरातच पैंजणांचा कारखाना, राखणीला कुत्रा हवा होता. त्यानं एकच विचारलं, "पावणं, अंगावर जातंय न्हवं?"

खरं बोललो असतो, तर तो आल्या पावली परत गेला असता. मी म्हटलं, जातंय की. कुत्रा तेव्हा त्याचाच हात चाटत होता.

कारागीर हसला. म्हणाला, होईल तयार. आखूड साखळी, अंधारी खोली, आणि कुणी अंगावरून हात फिरवायचा नाही, एवढं केलं की बास. हे सगळं माझ्या तोंडावर सांगितलं त्यानं. तरीही मी पट्टा त्याच्या हातात दिला. फिरायला न्यायलेत असं वाटून कुत्रा आपणहून टेम्पोत चढला.

चार महिन्यांनी राहवलं नाही, म्हणून हुपरीला गेलो. कारखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत त्याला बांधलं होतं. गळ्याभोवतीचे केस गेले होते, कातडी लाल दिसत होती. मी त्याला आमच्या घरातल्या लाडक्या नावानं हाक मारली. तो उठला आणि साखळी ताणून माझ्या अंगावर आला. मी पुन्हा हाक मारली, तसा आणखीच चवताळला.

"तुमी सांगितलं त्यात काय खोटं न्हाय, पावणं," कारागीर मोठ्या समाधानानं म्हणाला.

मी त्याला जवळ घ्यायला गेलो होतो. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. मला लाज वाटायला हवी होती, पण आधी त्याची भीतीच वाटली.