पायऱ्यांवरचा इन्स्पेक्टर

श्रीरंग दाणी एरवी नेपियर टाउनमधल्या एका कोचिंग क्लासात झेरॉक्स काढतो आणि पोरांची बोलणी खातो. पण त्या निलंबित इन्स्पेक्टरच्या सिनेमाचा नवा भाग लागला, की टॉकीजच्या सदर बाजारात त्याच्याएवढा मोठा माणूस नसतो. तीच मिशी, तोच गॉगल, तेच खाकी जॅकेट. पहिला शो बघायचा आणि बाहेर येऊन टॉकीजच्या पायऱ्यांवर त्यातली सगळ्यात भारी मारामारी जशीच्या तशी करून दाखवायची, हा पहिल्या भागापासूनचा रिवाज. लोक आधी श्रीरंगला बघतात, मग तिकीट काढतात.

पहिल्या भागापासून त्याच्याबरोबर जाणारा मित्र मी. सातव्या भागाच्या दिवशी त्याच्या बायकोने, क्षमाने, मला दारातच धरलं. "काहून नेऊन राहिले ह्यांना, भाऊजी? गुडघा बघा जरा."

"मी कुठे नेऊन राहिलो? तोच मला ओढून राहिला."

"हा शेवटचा," श्रीरंग बूट चढवत म्हणाला.

"सहाव्यालाही हेच म्हणाले होते."

सुरुवात खरंच जोरदार होती, ते कबूल करतो. इन्स्पेक्टर म्हातारा झालाय. कोर्टाच्या जिन्यात गुंडांशी भिडतो, धापा टाकतो, कठडा धरून खाली बसतो आणि बसल्याबसल्याच शेवटच्याला पाडतो. संगीत नाही, नुसता श्वास. या मालिकेत इतकं खरं मी आजवर पाहिलं नव्हतं. श्रीरंगने माझा हात दाबला. "ये अपना सीन है."

मध्यंतरानंतर मात्र बनवणाऱ्यांनीच कच खाल्ली. कसलंसं इंजेक्शन टोचलं आणि इन्स्पेक्टर पंचविशीचा. कॉम्प्युटरने इस्त्री केलेला चेहरा, डोळे मेलेले. ह्या हेलिकॉप्टरवरून त्या हेलिकॉप्टरवर उड्या. कुणाला लागतच नाही, तर भीती कसली वाटणार? व्हिलनच्या तोंडी धड वाक्य नाही. माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. ज्यांनी ह्या माणसाबरोबर केस पांढरे केले, त्यांना हे तोंडावर सांगत होते, की तुमचं वय दाखवण्याच्या लायकीचं नाही. आणि पब्लिक शिट्ट्या मारत होती.

बाहेर गर्दी थांबलीच होती. "भैया, हेलिकॉप्टरवाला दिखाओ."

श्रीरंगने जिन्यातली मारामारी धरली. लाथ, गिरकी, धाप. कठडा पकडून तो हळूहळू खाली बसला, कपाळावर घाम, छाती भात्यासारखी. एवढं चांगलं काम त्याने जन्मात केलं नव्हतं. शेवटचा गुंड दरवेळी केतन पानवाला होतो. त्याने आता अंगावर धावून यायचं होतं.

केतन पाण्याची बाटली घेऊन आला. "दादा, रहने दो. तब्येत बरी नाही तुमची." मग गर्दीकडे वळून, "हवा आने दो, भाई." लोकांनी फोन खाली केले.

माझा आवाज मोर्च्यांत तयार झालेला. ओरडणारच होतो, तर श्रीरंगने पुन्हा हात दाबला. मुकाट पाणी प्यायला आणि गॉगल काढून खिशात ठेवला.

ऑटोत मी भडकलो. "सांगितलं काहून नाही, की ॲक्टिंग होती?"

"सांगितलं असतं, तर हेलिकॉप्टर करावं लागलं असतं," तो म्हणाला.

महाराजपूरला त्याच्या घरापाशी ऑटो थांबली. क्षमाने दार उघडलं आणि काही न विचारता आधी त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. श्रीरंग लंगडत आत गेला. ऑटोतून उतरताना तो लंगडत नव्हता.