हुकूम आधी की जहाज आधी

रझियाभाभींनी फोन सासऱ्यांच्या, म्हणजे करीमचाचांच्या, कानाशी धरून ठेवला, म्हणून आमचा वाद पुरा झाला. मी इकडे तिरुपूरला, शिलाईच्या कारखान्याच्या जिन्यात उभी होते. त्यानंतर आठवडाभरात चाचा गेले... त्यालाही आता महिना होऊन गेला.

अमरावतीच्या राजापेठेत चाचांची बाइंडिंगची खोली. नववीत शाळा सोडून तिवश्याहून आलेली मी तिथे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवायची. रद्दीतून आलेल्या अंतराळातल्या लढायांच्या कादंबऱ्या चाचा स्वतःसाठी बांधत, खळ लावता लावता मला मोठ्याने वाचायला लावत आणि मध्येच थांबवत, "ह्यानं असं काहून केलं, सांग." खोलीचा एक रिवाज होता. पात्रावर जो आरोप करेल, त्यानेच दुसऱ्या दिवशी त्याची वकिली करायची. "आज लय बोलली तू. उद्या त्याच्याकडून बोल, मंग पाहू."

एका कादंबरीत दूरच्या ग्रहावरच्या चौकीला वेढा पडतो आणि तिथली कप्तान एकुलतं जहाज घेऊन मदत आणायला निघते. तिला जायचा सेनापतीचा हुकूम येतो तो पुढच्या पानांत, ती गेल्यावर. मी म्हटलं, घाबरून पळाली. चाचा म्हणाले, "सेनापतीनं मागून हुकूम लिहून पोरीले वाचवलं. दिलदार माणूस." कित्येक दिवस आम्ही त्या दिलदारीवर भांडलो. पुस्तकाच्या कडा झिजून पानांचे आकडे केव्हाच गेले होते. एकदा चाचांना फर्म्याच्या तळचा, फर्म्यांचा क्रम सांगणारा बारीक आकडा दिसला आणि ते हसून हसून लाल झाले. "फर्माच मागंपुढं लावला म्या. हुकूम आधीचा हाय. त्या सेनापतीची फुकट तारीफ करून राहिलो मी."

मला वाटलं, वाद मिटला. चाचा म्हणाले, "आता तं खरं सुरू झालं. हुकूम होता म्हणून गेली, का जायचंच होतं अन् हुकूम भेटला?"

तो प्रश्न माझ्याबरोबर इथवर आला. कापसाची ती वर्षं वाईट होती. बाबा म्हणाले, "तिरुपूरले जाय," आणि मी आले. पण ते म्हणायच्या आधीच माझी पिशवी मनात भरलेली होती. घरून फोन आला की मी दोन-तीन घंट्या जाऊ द्यायची, मनात तोच प्रश्न. चाचांना हे सरळ कधी सांगितलं नाही. फोनवर आम्ही कप्तानबाईंबद्दलच बोलायचो.

त्या शेवटच्या फोनवर मी म्हटलं, "चाचा, तिले जायचंच होतं."

चाचा म्हणाले, "होतं. अन् हुकूमबी होता. दोन्ही खरं हाय, बेटा. पण तिथून ती चौकीले रोज निरोप धाडे का नाही? पळणारा निरोप धाडत नाही."

मी रोज घरी फोन करते, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून घरचा फोन मी पहिल्याच घंटीला उचलते.

फोन भाभींकडे परत गेला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मी ऐकून राहिली होती. मले तं वाटते, ती घाबरलीच होती."

ते पुस्तक अजून खोलीतल्या शिकंज्यात दाबून ठेवलेलं आहे, मागचं पुढे तसंच. "राहू दे, भांडाले बरं हाय," असं म्हणून चाचांनी ते कधी उसवलं नाही. भाभी, तुमचा हात त्या दिवशी किती अवघडला असेल. आरोप तुम्ही केलाय, म्हणजे वकिलीही तुमच्याकडेच. मी येईन एक दिवस, तुमच्यासमोर बसेन, ते पुस्तक तुम्हाला पहिल्यापासून वाचून दाखवीन, आणि मध्ये न बोलता तुमचं सगळं ऐकून घेईन.