मावशीनं भरलेली चूळ

आमच्या घरात एक शब्द बोलायला बंदी आहे. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा जुनी जात उंबऱ्याबाहेर ठेवली आणि तिचं नाव जिभेवर आणील त्यानं चूळ भरायची, असा दंडक घातला. शाळेतून एखादं पोर तो शब्द घेऊन आलं की आजोबा पाण्याचा तांब्या पुढे करायचे. माझ्या आईनं, मावशीनं चूळ भरलीय, मीही भरलीय.

याच दंडकानं गेल्या वर्षी आम्हाला पोलीस ठाण्यात अडवलं.

माझी मावशी फुलंब्रीकडच्या एका गावात राहते. गिरणीत तिचा दळणाचा डबा रांगेत पुढे होता. गावातल्या एका बागायतदारानं तो लाथेनं उडवला आणि चारचौघांसमोर तिला जातीवरून शिवी दिली. सांडलेली ज्वारी तशीच टाकून मावशी मिळेल त्या गाडीनं शहरात माझ्याकडे आली. क्रांती चौकात मी तिला घ्यायला गेले, तर ती रडत नव्हती, नुसती धुमसत होती.

"समदे म्हणत्यात, मिटवून घ्या. झाकली मूठ सव्वा लाखाची."

माझं डोकंच फिरलं. "आपली मूठ झाकावी, मावशी. दुसऱ्यानं मारलेली लाथ काय म्हणून झाकायची?"

मी वकील नाही, साधी कचेरीतली बाई आहे. पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा मला पाठ आहे. पीडितेला सोबत माणूस नेता येतो, धमकी आली तर संरक्षण मागता येतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मावशीला घेऊन फुलंब्रीच्या ठाण्यात जाऊन बसले. मला कसलीच धाकधूक नव्हती.

हवालदार भले होते. सगळं ऐकून त्यांनी लिहिलं, 'जातिवाचक शिवीगाळ केली.'

"असं मोघम नको," मी म्हटलं. "तो काय बोलला ते जसंच्या तसं लिहा. कोर्टात त्याचा वकील आधी हेच विचारील."

"ते खरंय. बोला मावशी, काय म्हणाला?"

मावशीनं ओठ घट्ट मिटले. मग म्हणाली, "म्या नाय बोलणार. त्याची घाण माझ्या तोंडात काहून घालता? तूच सांग की गं."

पण गिरणीत मी नव्हते. ज्यानं ऐकलं त्यानंच सांगायचं असतं. ती गप्प राहिली असती तर फिर्याद तिथंच लुळी पडली असती आणि तो उद्या मिशीला पीळ देत गिरणीत उभा राहिला असता. मला तिचा राग आला, आणि खरं सांगते, आजोबांचाही आला.

"मावशी, शब्द त्याचा आहे. तू ठेवून घेऊ नकोस. त्याच्या नावानिशी परत कर."

तिनं पदर सावरला. हवालदारांच्या डोळ्यांत बघून तिनं ती शिवी अख्खी, खणखणीत सांगितली. मला तिचा इतका अभिमान वाटला की उठून मिठीच मारावीशी वाटली. तो शब्द मी इथं लिहिणार नाही. फिर्यादीत तो आहे आणि खटला त्याच्यावरच उभा आहे.

"लिवलं का?"

"लिहिलं."

"मंग वाचून दाखवा."

हवालदार त्या ओळीशी आल्यावर पुटपुटले.

"मोठ्यानं, सायेब."

त्यांनी मोठ्यानं वाचलं. मावशी उठली, व्हरांड्यातल्या नळावर गेली, खळखळून चूळ भरून आली आणि तोंड पुसत तिनं सही केली. हवालदार बघतच राहिले. मी त्यांना आमच्या घरचा दंडक सांगितला.

"म्या माझं तोंड धुतलं," मावशी म्हणाली. "पर आता तुमी बी वाचलंय, सायेब. नळ तिथंच हाय."

मला वाटलं, ते हसतील. ते पेन ठेवून उठले आणि नळाकडे गेले.