टाकीतलं पाणी तापलं तेव्हा

मुलगी मेडिकलच्या क्लाससाठी लातूरला गेली आणि तिची माशांची टाकी इथं नांदेडात माझ्या गळ्यात पडली. खायला घालणं, अधूनमधून थोडं पाणी बदलणं, एवढंच मला जमायचं. खरं तर माझा सगळा जीव पोरीत अडकलेला. हॉस्टेलवरून फोन आला की ती रडायची, "आई, मला घेऊन जा. मला न्हाई जमत." मी समजूत घालायची आणि फोन ठेवला की पदर डोळ्याला लावायची.

मे महिन्यात आमच्या गल्लीतली डीपी जळाली. सकाळी गेलेली लाइट दुपार झाली तरी आली नाही. टाकीतला हवेचा पंप बंद. जाऊन बघते तर सगळे गोल्डफिश वर येऊन तोंडं उघडत होते. काचेवरच्या थर्मामीटरमध्ये पारा चौतीसवर.

"बर्फ टाक की त्यात," सासूबाई म्हणाल्या. कंधारहून त्या उन्हाळ्यापुरत्या आल्या होत्या. मी बर्फाचा ट्रे काढलाही, पण हात धजेना. शेवटी हॉस्टेलच्या मॅडमना फोन लावला, पोरीला जरा बोलवा म्हणून विनवलं.

अवेळी फोन म्हणून ती घाबरली. "आई, आजी बरी हाय ना?"

"बरी आहे गं. तुझे मासे वर येऊन राहिलेत. पाणी लई तापलंय. बर्फ टाकू का?"

"नको! एकदम गार झालं तर मरतील." मग शांतपणे एकेक सांगू लागली. "आधी झाकण काढ. टाकीला ओला टॉवेल गुंडाळ. फ्रीजरमधली बर्फाची बाटली न उघडता तशीच पाण्यात सोड. एकच. अन् टाकीतलंच पाणी तांब्यानं घेऊन वरून धार धर, म्हणजे हवा मिसळते. पाणी हळूहळू उतरू दे."

पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसा तिचा आवाज. रडली नाही. "ठेवते, माझी टेस्ट हाय," म्हणाली. घरी यायचं नावही काढलं नाही.

सासूबाई स्टुलावर बसून धार धरत राहिल्या. हात भरून आला तरी तांब्या मला देईनात. "दमले गं बिचारे मासे," एवढंच म्हणत होत्या. एक बाटली वितळली की मी दुसरी सोडायची. उन्हं कलली तेव्हा पारा तिसावर आला. एक मासा खाली गेला, त्याच्यामागून दुसरा, आणि तळातल्या दगडांत तोंड खुपसून खायला शोधू लागला. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि हसायला लागले.

दिवेलागणीला लाइट आली. स्वयंपाक काहीच झाला नव्हता. सासूबाईंनी चुरमुरे भिजवून झणझणीत सुशीला केली, आणि कितीतरी दिवसांनी मी पुन्हा वाढून घेतली.