बाबांचा वाटा

वकिलीच्या पाच वर्षांच्या शिक्षणातली पहिली दोन वर्षं बी.ए.ची असतात, हे मला घरी कधीच पटवून देता आलं नाही. "कायदा शिकाला जाते ना, मग इतिहास कशाला?" आई विचारायची. खरं सांगायचं तर उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. बारावीनंतर थेट प्रवेश, शेवटी कला आणि कायदा अशा दोन्ही पदव्या एकदम. आधी समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, आणि मग तीन वर्षं नुसती कलमं. मी सगळं पाठ केलं, पेपर लिहिले, पास झाले. आवडतंय का, असं कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, चाललंय. तेव्हा मला सगळंच नुसतं चाललेलं वाटायचं.

आमचं गाव दातिवरे. कॉलेज पालघरला. सकाळी एसटीने सफाळ्याला यायचं, तिथून गाडी. ज्या दिवशी सकाळच्या भरतीला बोट लागायची, त्या दिवशी निघण्याआधी माझं आणखी एक काम असायचं. किनाऱ्यावर आईसोबत जाऊन बाबांचा वाटा उचलायचा, मासळीची गळकी पाटी कमरेवर घेऊन घरी आणायची आणि धावत एसटी पकडायची. कपडे बदलायला वेळ कुठला! पाटीचं पाणी ओढणीत मुरलेलं असायचं. वर्गात शेजारची मुलगी हसून म्हणायची, "आज बोट लागली वाटतं." ती तरी तोंडावर बोलायची. बाकीच्या गुपचूप खिडकी उघडायच्या. मला भयंकर राग यायचा. बाकी काही उरलं नसलं तरी तेवढा एक राग माझ्यात शाबूत होता.

मी दहावीत असताना बाबा समुद्रावर नाहीसे झाले. बोट जाळ्यापाशी नांगर टाकून पाणी फिरायची वाट बघत उभी होती. पहारा बाबांचा होता. उजाडताना बाकीचे खलाशी उठले, तर बाबा बोटीवर नव्हते. कुणी काही पाहिलं नाही, कुणी काही ऐकलं नाही. सगळ्या गावाच्या बोटी शोधायला गेल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या. मी परीक्षेला बसले, पास झाले. बायका म्हणाल्या, पोरगी धीराची हाय. धीर कसला डोंबलाचा! फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तशी मी सगळीच झाले होते. मुंग्या यायची वाट बघत होते, त्याही येईनात.

आता हा वाटा काय ते सांगते. बोट लागली की विकायची मासळी बाजूला काढतात आणि उरलेल्या मासळीचे तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, वाळूवर ढीग घालतो. प्रत्येक खलाशाच्या घरचा एक. ढोमे, मांदेली, करंदी, जे असेल ते, घरच्या कालवणापुरतं. बाबा नाहीसे झाल्यावर पहिल्यांदा बोट लागली, तेव्हाही तांडेलकाकांनी बाबांचा ढीग घातला. कुणी काही बोललं नाही. आईने पाटी भरली आणि आम्ही घरी आलो. मग पुढच्या वेळीही तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. पावसाळ्यात बोटी बंद असतात तेवढे दिवस सोडले तर बाबांचा वाटा कधी चुकला नाही. आई कुंकू लावत राहिली आणि आमच्या घरात बाबांच्या नावाचं कालवण होत राहिलं.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला रूढी हा धडा होता. रूढी कायदा केव्हा ठरते? ती जुनी हवी, अखंड हवी, निश्चित हवी, वाजवी हवी. मी पुस्तकातलं उदाहरण दिलं आणि चांगले गुण मिळवले. त्या दिवशीही ओढणीला वास येत होता. पण वाट्याचं उदाहरण द्यावं असं मनात सुद्धा आलं नाही. पुस्तकातलं ते पुस्तकात आणि वाळूवरचं ते वाळूवर, असंच माझं चाललं होतं.

चौथ्या वर्षी पुराव्याचा कायदा आला. सरांनी एका दुपारी सांगितलं, की जिवंत असता तर ज्यांना एखाद्याची खबर लागली असती, अशा माणसांना सात वर्षं त्याची काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. थोडक्यात, कोर्ट त्याला मेलेला धरतं. सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही घेतलं आणि पट्टी लावून खाली लाल रेघ मारली. पुढच्या वर्षी आपली सात होतील, एवढंच डोक्यात आलं. दुसऱ्या कुणाच्या घराविषयी वाचावं तसं.

पाचव्या वर्षी समुद्राने आमच्या घराची मागची भिंत नेली. सरकारी योजनेतून घर बांधून मिळतं म्हणून मी कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात खेटे घातले. तिथला माणूस भला होता. म्हणाला, "ताई, घर वडिलांच्या नावावर आहे. त्यांची सही आणा, नाहीतर मृत्यूचा दाखला." घोडं तिथेच अडलं. भिंतीच्या जागी आम्ही निळी ताडपत्री बांधली होती. वारा सुटला की ती अशी फडफडायची, की आई आत दोन शब्द बोलली तरी ऐकू यायचं नाही.

त्या वर्षी मी बोईसरला एका वकीलबाईंकडे काम शिकायला जात होते. त्यांचे वडील तारापूरच्या वीज केंद्रात नोकरी करायला साताऱ्याकडून आले आणि इथलेच झाले. मॅडमच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर कारखान्यातले कामगार बसलेले असायचे. "मॅडम कब आयेंगी?" एवढं विचारून गप्प व्हायचे. मॅडम भराभर काम करायच्या. माझं ऐकून त्या म्हणाल्या, "सरळ दावा आहे. आई वादी, सरकार प्रतिवादी. मसुदा तूच लिही, शिकशील." मी लिहिला. 'वादीचे पती समुद्रात बेपत्ता झाले असून तेव्हापासून त्यांची कोणतीही खबर नाही.' मॅडमनी एक स्वल्पविराम काढला आणि म्हणाल्या, "छान." मला आनंद झाला नाही आणि वाईटही वाटलं नाही.

आईला विचारलं, "कोर्टात यायला लागेल. येशील?"

"येते."

"बाबांची काही खबर नाही, असं सांगायला लागेल."

"इचारतील ते सांगते ना!" ती करंदी सोलत होती. तिने वर बघितलं सुद्धा नाही.

कोर्टात आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि केसात अबोली माळली होती. मॅडमचं काम सुरळीत झालं. मग सरकारी वकील उठले. त्यांनाही घाई होती, कारण पुढे बरीच प्रकरणं होती. त्यांनी सहज विचारलं, "सात वर्षांत पतीकडून काही आलं? फोन, पत्र, काहीही?"

आई म्हणाली, "वाटा येतो ना."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. "वाटा म्हणजे?"

आईने खुलून सगळं सांगितलं. बोट लागते, ढीग घालतात, यांचा पण घालतात. "एकदा पन चुकला नाय साहेब. खोटं कशाला बोलू?" तिच्या आवाजात अभिमान होता. नवऱ्याने घरचं कालवण चुकवलं नाही, हे तिला भर कोर्टात सांगायला मिळालं होतं. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जमिनीकडे बघायला लागले. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली आणि बोटीच्या तांडेलाला साक्षीला आणा म्हणाले.

बाहेर आल्यावर मॅडम कडाडल्या, "हे मला आधी का नाही सांगितलंस? त्या माणसाला बोटीवर जिवंत धरतात, आणि आपण कोर्टात येऊन मेलेला म्हणतोय! कपाळ माझं!"

मी म्हटलं, "मॅडम, ही खबर आहे असं वाटलंच नाही मला." आणि ते खरंच होतं. दातिवऱ्यात कुणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. वाट्याला कुणी पुरावा म्हणतं का?

त्याच संध्याकाळी मी तांडेलकाकांच्या ओटीवर गेले. ते जाळं सांधत बसले होते. मी कोर्टाचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"येतो ना साक्षीला," ते म्हणाले. "पन तो नाय, असं मी बोलनार नाय. बोटीवर ज्याचा वाटा, तो हाय."

"मग वाटा बंद कधी होतो, काका?"

"घरच्यांनी वाळूवर येऊन सांगितलं का होतो बंद."

"घरच्यांनी म्हणजे आईने?"

त्यांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली. "आयस कशी सांगेल? तू घरची नाय काय?" मग एकदम म्हणाले, "माज्या बोटीवरून गेला तो, बाय. मी आपल्या हातान कसा बंद करू? दर खेपेला ढीग घालतो न् बघतो, आज कोन तरी बोलेल. कोन बोलतच नाय." ते रडत होते. मी शेजारी बसले होते आणि माझे डोळे कोरडे ठणठणीत होते. स्वतःचीच शिसारी आली मला.

त्यानंतर दोनदा बोट लागली. दोन्ही वेळा मी ठरवून गेले, आणि दोन्ही वेळा मुकाट्याने पाटी भरून आणली. तिसऱ्या वेळी सकाळची भरती होती. कॉलेजात वादविवादात बक्षिसं घेतलेली मी, वाळूवर ओठ घट्ट मिटून उभी राहिले. काकांनी सगळ्यांचे वाटे घातले. शेवटी बाबांचा ढीग घालायला मांदेली उचलली आणि माझ्याकडे बघितलं. आईनेही बघितलं. मला वाटलं होतं तिला काही माहीत नाही. पण तिला सगळं माहीत होतं.

"बोल ना," आई एकदम ओरडली. "कायदा शिकलीस ना एवढा? उबी काय ऱ्हायलीस? बोल!"

"काका," मी म्हटलं, "बाबांचा वाटा आता घालू नका."

काकांनी ओंजळीतली मांदेली बाकीच्या ढिगांवर थोडी थोडी वाटून टाकली. मग पायाने ती जागा सारखी केली. खलाशी तोंड फिरवून दोर गुंडाळत राहिले. आई वाळूत मटकन बसली आणि मला शिव्या घालायला लागली. मेले, एवढा येळ लावलास, सात वर्सं लावलीस! मी म्हटलं, आई, तू तरी सांगायचंस. त्यावर तिने माझा हात इतक्या जोरात धरला, की तिच्या बांगड्या रुतल्या.

"मी कशी बोलू? मी बोलले असते तर मीच ढकलला असता ना गो त्याला दर्यात!"

तिला उठवलं, घरी आणलं, चहा करून दिला. ती म्हणाली, "जा तू, यष्टी जाईल." शेजारची काकू तिच्याजवळ येऊन बसली, म्हणून मी निघाले. मला वाटायला हवं होतं ते तेव्हाही वाटलं नाही. कोर्टाचं पुढे व्हायचं ते झालं. काकांनी पांढरा शर्ट घालून साक्ष दिली, "आता घालत नाय, घरच्यांनी सांगितलं." हुकूम मिळाला, दाखला मिळाला, आणि ताडपत्रीच्या जागी आता भिंत आहे.

पण वाटा बंद केला त्या दिवशी मी नेहमीच्या गाडीने पालघरला गेले आणि नेहमीच्या बाकावर बसले. जमीन महसुलाचा तास होता. सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते. शेजारची मुलगी सवयीने ओणवी झाली, म्हणाली, "आज बोट नाही वाटतं?"

मी ओढणी नाकाशी धरली. ती कोरडी होती. साबणाचा वास येत होता. मी दुसरं टोक हुंगलं, मग सगळी गोळा करून तोंडाशी धरली आणि मासळीचा वास शोधत राहिले. कुठेच नव्हता. तेव्हा कळलं मला, की माझे बाबा मेले. मी भर वर्गात मोठ्याने रडायला लागले. सर खडू हातात धरून उभे राहिले, आणि मागच्या बाकावरच्या कुणीतरी उठून खिडकी बंद केली.