गोदूबाईच्या नावाची झील

वेणूकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते ती गाताना नव्हे, गायची थांबली तेव्हा. साल १९४९. पनवेलजवळच्या एका आगरी गावात मी बदलीवर आलेला नवा मास्तर होतो. बुधाजीच्या मुलीचं लग्न म्हणून निम्मा वर्ग गैरहजर. पोरांना बोलवायला गेलो, तर मांडवात चार बायका हळद कांडत होत्या आणि तिशीतली एक बुटकी, सावळी बाई लग्नाचे धवले गात होती. मध्येच तिला खोकला आला. चारही मुसळं वरच्या वर थांबली. तिच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. तिने घसा साफ केला, पुढची ओळ उचलली आणि मुसळं खाली आली.

वेणू गावची धवलारीण. तिच्याशिवाय तिथे हळद लागत नसे, आणि मांडवात तिचा शब्द कुणी मोडत नसे. तिची आई गोदूबाईही धवलारीणच. वेणूच्या लग्नात गोदूबाईने स्वतः एक गाणं बांधलं होतं. त्याची झील, म्हणजे साथीने उचलायची शेवटची ओळ, ‘गोदू गाते गं, पाखरू चाललं खाडीपार.’ आई गेल्यावर ते गाणं वेणू दर हळदीला गायची. आईचा फोटो नव्हता, दागिना नव्हता. वेणूजवळ तिची म्हणून तेवढी ओळ होती.

त्याच गावचा कमळाकर मुंबईत गाण्याच्या पार्टीत शिरला. छप्पन साली त्याची रेकॉर्ड निघाली आणि पनवेलच्या हॉटेलांतून दिवसभर वाजू लागली. गाणं गोदूबाईचं, फक्त शेवटी ‘कमळू गातो रे.’ तो रेशमी शर्ट, काळा चष्मा घालून गावात आला तेव्हा सारं गाव बघायला लोटलं. मीही गेलो होतो, खोटं कशाला सांगू.

वेणू गर्दीतून पुढे झाली.

“कमळ्या, माजे आयचं नाव कुठं गेलं रं?”

“वेणूबाय, तुजे आयला कोन वलखतो? माजं नाव हाय म्हनून लोकं आयकतात.”

लोक हसले. वेणूही हसली. मग तिने विचारलं, “तुजी पोर शांती किती वर्सांची झाली?”

“अकरा. का गं?”

“काय नाय. बरं हाय.”

ती सहा वर्षं थांबली. हॉटेलात ती तबकडी लागली की चहा अर्धा टाकून उठायची, एवढंच मी पाहिलं.

बासष्ट साली शांतीचं लग्न ठरलं. उरणकडच्या व्याह्यांनी निरोप धाडला, धवलारीण वेणूच पाहिजे. कमळाकरने मोटार पाठवली. वेणू चालत आली.

मांडव कमळाकरला बघायला आलेल्या माणसांनी फुलला होता. सकाळची हळद सुरू झाली. वेणूने आईचं गाणं धरलं, शेवटच्या ओळीवर आली, ‘गोदू गाते गं...’ आणि थांबली. हळद लावणाऱ्या पाचही सवाशिणींचे हात थांबले. शांतीचा एकच गाल पिवळा झाला होता.

“आज झील नवरीचे बापानं धरायची,” वेणू म्हणाली.

कमळाकरने ऐटीत सूर लावला, “कमळू गातो रे...”

एकही हात हलला नाही.

“चुकलास. परत.”

त्याने बायकांकडे पाहिलं. त्यातली एक त्याची सख्खी बहीण होती, तिनेही मान खाली घातली. त्याने व्याह्यांकडे पाहिलं, मग लेकीकडे. शेवटी पुटपुटला, “गोदू गाते गं...”

“खाडीपार आयकू जाऊ दे रं, गवय्या!”

तिने त्याला ती ओळ पाच वेळा म्हणायला लावली, दर सवाशिणीमागे एकदा. मगच शांतीचा दुसरा गाल पिवळा झाला.

पुढे पनवेलच्या बाजारात त्याचा कार्यक्रम झाला. शेवटची ओळ येताच खालून सारे ओरडले, “गोदू गाते गं!” तो हसून पुन्हा सुरू झाला, लोक पुन्हा ओरडले. त्यानंतर ते गाणं त्याने सोडलं. त्याच्याजवळ गाजलेलं तेवढं एकच होतं.

मला कमळाकरची दया आली. मी म्हटलं, “वेणूबाई, मांडवात एकदा पुरे होतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं हो.”

ती सुपात मिरच्या निवडत होती. “पोरीचं मना वाईट वाटलं, मास्तर. पन ती तबकडी किती येला वाजली, तुमी मोजलंव?”



आता अडुसष्ट साल आहे. मी निवृत्त झालो. वेणूचे पुढचे दोन दात पडले आहेत. या वैशाखात तिला अकरा लग्नांचं बोलावणं आहे. कमळाकरच्या धाकट्या मुलीचं लग्नही त्यातच आहे, आणि त्याला तिने अजून होकार दिलेला नाही.