याडीची गोष्ट आणि मामांची वाट

मी शाळेत उशिरा गेले. इंग्रजी मामांनी घरीच शिकवलं. म्हणून अमेरिकेहून आलेल्या कादंबरीकार हेलनबाईंना राळेगावकडच्या बंजारा तांड्यावर गोष्ट ऐकायची होती, तेव्हा मामांनी दुभाषी म्हणून माझंच नाव सुचवलं. बाईंच्या कादंबऱ्यांत खून असतात, भुतं असतात, तरी तिकडचे प्राध्यापक त्या शिकवतात, याचं मामांना हसू यायचं. त्या दिवशी ते स्वतः सायकलनं दारव्ह्याला जाणार होते. मला एकच धास्ती, एकही शब्द चुकता कामा नये.

यवतमाळहून सकाळचीच एसटी घ्यावी. परतीची शेवटची गाडी राळेगावहून चारला सुटते. पुढे तासभर बैलबंडी. दोन्हीकडे फुटलेली कपाशी आणि धूळ. डोक्याला रुमाल हवाच.

तांड्यावर गोष्टी सांगणाऱ्या झमकीबाईंना सगळे याडी, म्हणजे आई, म्हणतात. त्यांनी भाकर आणि ठेचा वाढला. हेलनबाईंनी डोळे पुसत पुसत दोनदा मागून घेतला.

"हे बाई खरं लिहिते का खोटं?" याडींनी विचारलं.

"भूत खोटं," बाई म्हणाल्या, "त्याला भिणारी बाई खरी."

याडी खूश झाल्या. पण गोष्ट सांगा म्हणताच त्यांनी नकारार्थी मान हलवली. "दिवसा नाही व माय. दिवसा गोष्ट आयकली का आयकणाऱ्याचा मामा वाट चुकते."

बाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्या परत जाणार होत्या. "मला मामाच नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"मंग काय!" याडी माझ्याकडे वळल्या. "अन् तुले?"

नाही म्हटलं असतं तर भागलं असतं. "आहेत," मी म्हणाले. "आज रस्त्यावरच आहेत."

"मंग कान झाक!"

"कान झाकले तर बाईंना सांगू काय?"

जमलेल्या बाया खो खो हसल्या. याडींनी जरा विचार केला. "आमचे बुढे बैलावर मीठ नेत. वाटेत चाटत नव्हते. तूबी गोष्ट तशीच ने."

मी तशीच नेऊ लागले. विहिरीत बुडून मेलेली जाऊ रोज भरलेला हंडा वर देते, आणि जिवंत जाऊ तिला "जेवलीस का?" विचारायला भिते. तिथे बाईंना सांगायचं विसरून मीच याडींना पुढचं विचारलं. मी मीठ चाटलं होतं.

घरी पोचले तर मामा आलेले नव्हते. तासाभरानं आले, घामाघूम. "नेहमीचा रस्ता, आणि आज फाटाच चुकलो!"

मी रडत दिवसा गोष्ट ऐकल्याचं सांगितलं. मामांनी सायकल भिंतीला टेकवली आणि ओट्यावर बसले.

"मग ती गोष्ट सांग तरी, कशापायी मला एवढं हिंडवलंस?"

आत दिवा लागला होता. आता सांगायला हरकत नव्हती.